आयसीएफ स्लीपर, १:८७ : खिडक्यांचे पितळी गज घरच्या घरी

रविवार, १ डिसेंबर २०२४

किट आलं, रेल्वेच्या डब्याच्या १:८७ मापातल्या मॉडेलचं. रेझिनमध्ये थ्रीडी प्रिंट केलेली बॉडी, छत वेगळं, तळ वेगळा, बोगीचे (चाकांच्या सांगाड्याचे) तुकडे पिशवीत. महालक्ष्मी, सह्याद्री या गाड्यांना वर्षानुवर्षं लागायचा तसला निळा आयसीएफ (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) स्लीपर करायचा आहे. खऱ्या डब्याची बॉडी २१,३३७ मिमी लांब आणि ३,२४५ मिमी रुंद. ८७ने भागलं की २४५.३ आणि ३७.३. स्टीलची पट्टी लावून पाहिली, दोन्ही मापं जवळपास जुळतात. एवढ्यावर किटवाल्याला शंभर गुण.

पण खिडक्यांना गज नाहीत, नुसती चौकोनी भोकं आहेत. आपल्या नॉन-एसी डब्याचे आडवे गज काढून टाकले तर उरतं काय? रंग कितीही अचूक मारा, डबा परक्या देशाचा दिसतो. खऱ्या गजाची जाडी ८७ने भागली तर पाव मिलिमीटरच्याही आत येते. रेझिनमध्ये इतकं बारीक छापता येतं, पण बॉडी साफ करताना ते बोटाच्या धक्क्यानेही तुटतं. मागे एका डब्याला नायलॉनचा धागा ताणून पाहिला होता. गज सरळ आले, पण दोन खिडक्यांमधली अंतरं कधीच सारखी आली नाहीत. सलग खिडक्यांच्या रांगेत ते लगेच डोळ्यात खुपतं.

रणगाडे, जहाजं, विमानं यांच्यासाठी फोटोएचचे (रसायनाने पत्रा खाऊन काढलेल्या बारीक तुकड्यांचे) तयार सेट बाहेरून मिळतात. आयसीएफच्या खिडक्यांसाठी मला काही मिळालं नाही. म्हणून पितळेचा पत्रा आणून घरीच एचिंग करायचं ठरवलं. गजांबरोबर दाराखालच्या पायऱ्याही त्याच पत्र्यात काढणार.

शनिवार, ७ डिसेंबर

खरेदी. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत पितळ खाणाऱ्या फेरिक क्लोराइडचे खडे (अर्धा किलो, अडीचशेच्या आसपास) आणि निळी ड्राय फिल्म (मीटरभर, तीनशे) मिळाली. पीसीबी (सर्किट बोर्ड) घरी करणारी पोरं हेच नेतात, त्यामुळे दुकानदाराला काही समजवावं लागत नाही.

पितळेच्या पातळ पत्र्यासाठी, म्हणजे शिमसाठी, रविवार पेठ.

"काका, पितळी शिम आहे का? झिरो पॉइंट पंधरा."

"आहे ना. किती देऊ? मशीनला लावायचीय का?"

"नाही, रेल्वेच्या डब्याला."

"कुठल्या शेडला असता?"

पुढे काही बोललो नाही. सहा इंची रोलमधून हातभर तुकडा, साडेचारशे रुपये. रोलमधली शिम घेताना एक लक्षात ठेवा. तिला रोलचा बाक असतो आणि तो सहजासहजी जात नाही. मी दोन काचांमध्ये दाबून वर पुस्तकांचा गठ्ठा ठेवला. थोडा फरक पडला, पूर्ण नाही. पुन्हा आणेन तेव्हा सपाट पत्र्याचा तुकडा शोधेन, चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

नखांना लावायच्या जेल पॉलिशचा यूव्ही लॅम्प सातशेला, फिशटँकचा हवेचा पंप दोनशेला. लॅमिनेटर विकत घेतला नाही. मित्राचं झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्याकडचा दुपारच्या सामसुमीत वापरायला मिळतो.

रविवार, ८ डिसेंबर

दिवसभर इंकस्केप या सॉफ्टवेअरमध्ये चित्र. ड्राय फिल्म निगेटिव्ह आहे: जिथे उजेड पडतो तिथे ती कडक होते आणि खालचं पितळ वाचवते. म्हणून जे राहायला हवं ते पारदर्शक आणि जे खाऊन जायला हवं ते काळं. गज पांढरे, मधल्या फटी काळ्या.

आधी विचार होता की डब्याच्या एका बाजूच्या सगळ्या खिडक्यांची सलग पट्टी काढावी, म्हणजे आतून एकदा चिकटवली की काम झालं. सुदैवाने आधी कागदावर प्रिंट काढून बॉडीच्या आत धरली. एका टोकाला खिडक्या जुळत होत्या, दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. छापलेलं रेझिन क्युअर (पक्कं) होताना थोडं आकसतं, आणि लांबीभर ते सारखं आकसत नाही. आता दोन-दोन खिडक्यांचे तुकडे करतोय. जोड खिडक्यांमधल्या भिंतीमागे लपेल.

आपत्कालीन खिडकीचा तुकडा वेगळा, फक्त चौकट, गज नाहीत. स्टेशनात गाडी लागली की जागा धरायला पोरं जिथून आत शिरतात ती हीच. तिला गज दाखवले तर कोणीतरी नक्की चूक काढेल, आणि काढावीच.

गजाची रुंदी ०.२० मिमी धरली. हा आकडा पुढे महागात पडणार आहे.

रविवार, १५ डिसेंबर

पत्रा पितांबरीने घासला, मग बारीक स्क्रबरने. स्वच्छ झाला की नाही ते पाण्याने कळतं: पत्रा उभा धरल्यावर पाण्याची सलग चादर राहिली तर ठीक. थेंब होऊन तुटली तर कुठेतरी तेलकटपणा आहे. घासल्यावर बोट फक्त कडेला लावायचं.

ड्राय फिल्मला दोन्हीकडून प्लॅस्टिकचे पदर असतात. आतला पदर लावण्याआधी काढायचा, बाहेरचा डेव्हलप करायच्या (सोड्याच्या पाण्यात धुवायच्या) आधी. कोरड्या पत्र्यावर फिल्म लावली तर खाली हवेचे फुगे राहिले, आणि प्रत्येक फुगा म्हणजे पुढे एक भोक. मग पत्र्यावर पाणी फवारलं, त्यावर फिल्म तरंगवली, जुन्या एटीएम कार्डाने मधून कडेकडे पाणी ढकललं आणि लॅमिनेटरमधून काढलं. फुगे गेले. हे काम पिवळ्या झिरोच्या बल्बखाली. ट्यूबलाइट बंद.

आर्टवर्क ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लॅस्टिकवर) लेझर प्रिंट, पानाला २५ रुपये. एका प्रिंटचा काळा भाग उजेडासमोर धरला तर त्यात टाचणीच्या टोकाएवढ्या चांदण्या दिसतात. दोन प्रिंट एकावर एक चिकटवल्या की त्या झाकतात. टोनरची बाजू पत्र्याला टेकली पाहिजे, नाहीतर उजेड कडेने आत शिरतो आणि रेषा फुगते. पत्रा दोन्ही बाजूंनी खायचा असल्याने आर्टवर्कही दोन्हीकडे लागतं, आणि टोनर आत यावा म्हणून एका बाजूचं उलटं छापावं लागतं.

लॅम्पखाली किती वेळ ठेवायचं ते कोणी सांगू शकत नाही. लॅम्प वेगळा, अंतर वेगळं, काच वेगळी. फुकट गेलेल्या पट्टीवर पुठ्ठा सरकवत वीस-वीस सेकंदांच्या पायऱ्या दिल्या. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात (लिटरला साधारण दहा ग्रॅम) धुतल्यावर पहिल्या दोन पायऱ्यांवरची फिल्म निघून गेली, तिसरीवर टिकली, शेवटच्यांवर फटीच बुजल्या. तिसरी पायरी पक्की.

शनिवार, २१ डिसेंबर

पहिलं एचिंग.

फेरिक पाण्यात घालायचं, पाणी फेरिकवर नाही. विरघळताना ते चांगलंच तापतं. हातमोजे, चष्मा, उघडी गॅलरी, प्लॅस्टिकचा डबा. स्टीलच्या भांड्याजवळसुद्धा न्यायचं नाही.

सकाळी गॅलरीत हात गारठत होते. तापमानाचा विचारच केला नव्हता. फेरिक थंड असलं की सुस्तावतं. पंधरा-वीस मिनिटांत होणारं काम तासाभरानेही अर्धवट. इतका वेळ द्रावणात राहिल्यावर फिल्मच्या कडा सुटायला लागल्या. शेवटी डबा गरम पाण्याच्या परातीत ठेवला (परात प्लॅस्टिकची, आईने दुसरी देण्यास साफ नकार दिला) आणि मग भराभर खाल्लं गेलं. नको तितकं.

बाहेर काढल्यावर दिसलं ते असं. पत्र्याच्या कडेच्या तुकड्यांचे गज मधोमध तुटलेले, केसासारखे लोंबणारे. मधल्या तुकड्यांमध्ये फटी अजून उघडल्याच नव्हत्या. एकच पत्रा, एकच डबा, तोच वेळ.

बुधवार, २५ डिसेंबर

सुट्टी. सकाळभर दहापट भिंगाखाली मेलेले तुकडे बघत बसलो. बिघाड ट्रेमध्ये दिसले, पण त्यातले निम्मे चित्रात आधीच होते.

पहिलं म्हणजे गजांची रुंदी. फेरिक फक्त खाली खात नाही, फिल्मच्या कडेखाली आडवंही शिरतं. ०.१५ मिमीचा पत्रा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातोय म्हणजे प्रत्येक बाजूने खोली ०.०७५, आणि कडेकडून साधारण तिच्या निम्म्याने आत. दोन्ही कडा मिळून ०.०८ गेले. ०.२० काढलेला गज ०.१२ उरला, वेळ जास्त झाल्यामुळे त्याहूनही कमी. नव्या चित्रात गज ०.२८.

दुसरं, पुढची आणि मागची बाजू जुळलेली नव्हती. भिंगाखाली गजाचा काप जिन्याच्या पायरीसारखा दिसतो: वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा दुसरीकडे सरकलेला. मी दोन ओएचपी नुसत्या टेपने जोडून पाकीट केलं होतं. मध्ये पत्रा घातला की त्याच्या जाडीने पाकीट एका बाजूला ओढलं जातं. आता दोन कडांना त्याच शिमच्या पट्ट्या एल आकारात लावून त्यावर ओएचपी चिकटवल्या. पत्रा मध्ये सरकतो, पाकीट जागचं हलत नाही. आणि दोन्ही बाजूंची आर्टवर्क एकाच पानावर, एकाच दिशेला छापून घ्यायची. लेझरच्या उष्णतेने शीट किंचित ताणली जाते. दोघी सारख्याच ताणल्या तर बिघडत नाही.

तिसरं, मोकळ्या जागा. तुकड्यांभोवतीचं सगळं पितळ मी काळं करून टाकलं होतं, म्हणजे तेवढं सगळं फेरिकला खायला दिलं. आता प्रत्येक तुकड्याभोवती फक्त सारख्या रुंदीची खाच, बाकी पत्रा तसाच. फेरिक वाचतं आणि सगळीकडे साधारण एकाच वेळी आरपार होतं. पत्र्याच्या चारी कडांना बोटभर रुंद भरीव पट्टा ठेवला, कारण कडेला द्रावण जास्त खेळतं.

टॅबही (तुकडा पत्र्याला धरून ठेवणारे बारीक जोड) बदलले. आधी ते गजांच्या टोकाला होते, म्हणजे कापताना सगळा जोर गजावर. आता चौकटीच्या कोपऱ्यांजवळ, आणि मागून अर्धे खाल्लेले.

रविवार, २९ डिसेंबर

दुसरं एचिंग. फेरिक चाळीस अंशांच्या आसपास, थर्मामीटर फिशटँकचाच. पत्रा उभा टांगला, खालून हवेचे बुडबुडे, दर काही मिनिटांनी वरची बाजू खाली आणि पुढची मागे.

बुडबुड्यांचे शिंतोडे उडतात हे कळायला डबा उघडा ठेवावाच लागतो असं नाही, पण मला तसंच कळलं. गॅलरीच्या पांढऱ्या फरशीवर तपकिरी ठिपके आहेत. कायमचे.

एक गोष्ट बघायला फार छान असते. सुरुवातीला काहीच घडत नाही, पितळ नुसतं गुलाबी-तपकिरी पडतं. मग कुठेतरी एका फटीत उजेडाची रेघ दिसते, शेजारी दुसरी, आणि दोन-तीन मिनिटांत सगळ्या खिडक्या उघडतात. इथे पत्रा बाहेर काढायचा, "अजून थोडं" म्हणायचं नाही. पाणी, मग सोड्याचं पाणी, मग फिल्म काढायला कॉस्टिकचं पातळ द्रावण.

गज ०.२० ते ०.२१. चार तुकडे वाया गेले, ते एका कोपऱ्यातले, जिथे शिमचा बाक राहिला होता आणि पाकीट नीट टेकलं नव्हतं. बाकी सगळे चांगले.

रविवार, ५ जानेवारी २०२५

तुकडे सुटे केले. कटिंग मॅटवर कापायचं नाही. मॅट दबते, ब्लेडखाली पत्रा वाकतो आणि टॅबशेजारी चौकट मुडपते. मी उरलेली गुळगुळीत टाइल घेतली. गोल पोटाचं ब्लेड टॅबवर टेकवून वरून दाबायचं, ओढायचं नाही. दुसऱ्या हाताचं बोट तुकड्यावर हवंच. नाहीतर टिक् असा आवाज येतो आणि तुकडा खोलीत कुठेतरी जातो. एक गेला. तो सापडला नाही आणि सापडणारही नाही.

टॅबचा खुंट घासताना तुकडा चिमट्यात धरून कानस मारू नका, चौकट लगेच पिळवटते. दोन आइस्क्रीमच्या काड्यांमध्ये दाबून फक्त खुंट बाहेर ठेवला आणि नखांच्या बारीक कानशीने चौकटीच्या लांबीच्या दिशेने घासला. आडवं घासलं की गज थरथरतात.

रविवार, १२ जानेवारी

पायऱ्या. इथे अपेक्षेपेक्षा जास्त वेळ गेला.

प्रत्येक शिडी एका सपाट तुकड्यातून घडी घालून होते: मध्ये पायऱ्यांचे फलक, दोन्हीकडे बाजू. घडीची रेष अर्धी खाल्लेली आणि ती घडीच्या आतल्या बाजूला यायला हवी. घडी घालायचं तयार यंत्र बाहेरून मागवायचं म्हणजे कस्टम धरून तीन-चार हजार. त्याऐवजी सहा इंची दोन स्टीलच्या पट्ट्या छोट्या शिकंज्यात समांतर आवळल्या, तुकडा मध्ये, आणि दुसऱ्या रुंद ब्लेडने खालून उचलला. पूर्ण लांबीभर एकदम. चिमट्याने टोकाकडून वाकवलं तर घडी तिरकी जाते, आणि ती सरळ करायला गेलं की रेषेवरच तुटते. अर्ध्या खाल्लेल्या रेषेवर पितळ एकदाच नीट वाकतं. दुसऱ्यांदा वाकेल, तिसऱ्यांदा हातात दोन तुकडे.

क्रमही चुकतो. मी आधी बाजू उभ्या केल्या आणि मग आतले फलक वाकवायला ब्लेडच शिरेना. आधी आतलं, मग बाहेरचं. पुढच्या शीटवर प्रत्येक घडीशेजारी १, २, ३ असे आकडे टॅबच्या पट्टीवर कोरून घेणार आहे.

घडीच्या कोपऱ्यात आतून डाग दिला. २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, साधं ६०/४० सोल्डर, टोचणीच्या टोकावर घेतलेला कण. सोल्डर जास्त झालं तर पायरीचा फलक जाड दिसतो, मग ते तापवून कापसाने पुसण्यापेक्षा तांब्याची जाळीदार डीसोल्डर वेणी बरी. फ्लक्स झिंक क्लोराइडचा वापरला असेल तर नीट धुवा, नाहीतर आठवड्याभरात हिरवट फुलोरा.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. संध्याकाळी फक्त प्रायमर. तुकडे आधी व्हिनेगरमध्ये काही मिनिटं, मग पाणी, मग आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल). गेल्या खेपेला एका तुकड्यावर थेट ॲक्रिलिक मारून पाहिलं होतं. नखाने सालीसारखं निघालं. गाड्यांसाठीचा करडा स्प्रे प्रायमर, लांबून, दोन हलके हात. जवळून मारला तर दोन गजांमध्ये पडदा धरतो. तसा धरलाच तर ओला असतानाच फुंकर मारायची, वाळल्यावर उपाय नाही.

गज बॉडीला लावण्याआधीच रंगवले. नंतर ब्रश आत घालायला जागा नाही.

रविवार, १९ जानेवारी

एक बाजू बसवली.

फेव्हिक्विकने सुरुवात केली आणि तिसऱ्या खिडकीलाच थांबलो. एकदा टेकलं की सरकवता येत नाही, आणि इथे शेजारच्या खिडकीशी गजांची रेघ जुळवायची आहे. शिवाय सायनोॲक्रिलेटची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी साय धरते. जिथे काच लावायची आहे तिथे ती वाफ डब्यात कोंडून उपयोग नाही. ॲराल्डाइटचा पातळ लेप टूथपिकने फक्त चौकटीला दिला. पंधरा-वीस मिनिटं सरकवायला मिळतात, तेवढी पुरतात.

जुळवायची युक्ती अशी: बॉडीच्या बाहेरून मास्किंग टेपची सरळ कड सगळ्या खिडक्यांवर, सगळ्यात खालच्या गजाच्या उंचीला. आतून तुकडा त्या कडेला मिळवायचा आणि चिकट टॅकच्या गोळीने धरून ठेवायचा. खिडक्यांची भोकं सारखी नाहीत हे आधीच माहीत होतं, म्हणून भोकाच्या कडेवर विश्वास ठेवला नाही. डोळा गजांच्या सलग रेषेकडे जातो, भोकाच्या कडेकडे नाही.

निम्म्या खिडक्यांना काच लावलीच नाही. स्लीपरच्या खिडक्या उन्हाळ्यात उघड्याच असतात. काहींना शटर अर्धं खाली, प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं. मुलगी म्हणाली, "बाबा, एका खिडकीतून हात बाहेर आलेला पाहिजे." मागणी रास्त आहे. हात कशाचा करायचा ते बघू.

रविवार, २६ जानेवारी

वापरलेलं फेरिक. हे मोरीत किंवा बेसिनमध्ये ओतायचं नाही, त्यात आता तांबं आणि जस्त आहे. बादलीत थोडं थोडं करत धुण्याचा सोडा घातला. जोरात फसफसतं, म्हणून बादली अर्धीच भरलेली हवी. फेस यायचा थांबला की घातलेला सोडा पुरला. गाळ दोन दिवस खाली बसू दिला. वरचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये, गाळ सिमेंटमध्ये कालवून जुन्या डब्यात घट्ट केला, तो घातक कचऱ्याबरोबर जाईल. अजून जोर असलेलं फेरिक काचेच्या बरणीत, प्लॅस्टिकच्या झाकणासह. पत्र्याचं झाकण लावलं तर बरणीतच एचिंग सुरू होतं.

आतापर्यंत खर्च अडीच हजाराच्या घरात, लॅम्प आणि पंप धरून. पुढच्या डब्याला फक्त शिम आणि ओएचपी, म्हणजे पाचशेच्या आसपास. वेळ मात्र कमी होणार नाही, तो चित्रात जातो.

दुसऱ्या बाजूसाठी शीट तयार आहे. त्यात प्रत्येक प्रकारचे तीन-चार तुकडे जास्तीचे टाकलेत, दाराच्या खिडकीचे सहा, कारण ते सगळ्यात लहान आणि तेच उडतात. घड्यांचे आकडे कोरलेत. गजाची रुंदी ०.२८च ठेवली आहे. शिम या वेळी सपाट तुकड्यातली मिळाली तर पाहायचं, काकांनी बुधवारी यायला सांगितलंय.